दात, धार आणि दांडा

केज तालुक्यात माणसं कोयत्यात मोजतात. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम गावात येतो आणि "यंदा किती कोयते निघणार?" म्हणून विचारतो, तेव्हा त्याला हत्यारांची मोजदाद नको असते. एक कोयता म्हणजे ऊस तोडायला निघालेली नवरा-बायकोची एक जोडी. एकटाच माणूस टोळीत आला तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते आणि फडातलं कामही कोयत्यावरच वाटलं जातं. माणसाची ओळखच पात्यावरून होते अशा भागात धार म्हणजे काय हे कुणाला शिकवायची गरज नाही. फडात थोडं काम झालं की माणूस पाचटावर टेकतो, कमरेची कानस काढतो, चार हात मारतो आणि पुन्हा उठतो. तेवढ्या वेळाचं नुकसान होतं असं त्याला कधी वाटत नाही.

आणि हाच माणूस पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, गावी येऊन बांधावरचं झाड कापायला चेनसॉ हातात घेतो, तेव्हा त्या साखळीला सहा-सहा महिने कानस लावत नाही. कापेना झालं की जोर लावतो. तरी कापेना झालं की "कटर बाद झालंय" म्हणतो आणि केजला दुरुस्तीला टाकतो. मला या प्रकरणात मुख्यतः या विसंगतीबद्दल लिहायचं आहे. कोयता आपण कापतो म्हणून त्याची धार आपली जबाबदारी वाटते, पण इंजिनाचा आवाज एवढा मोठा असतो की कापण्याचं काम तेच करतं असं वाटू लागतं. प्रत्यक्षात इंजिन फक्त दात ओढतं. लाकूड कापतात ते दात, आणि त्यांना धार लावणारा हात माणसाचाच असतो.

केज, अंबाजोगाई, धारूरच्या बाजूला या मशीनला फार काम आहे. वळवाच्या वाऱ्यात वाटेवर आडवा झालेला निंब, बांधावरची बाभूळ, मांजरेच्या काठानं माजलेली वेडी बाभूळ, पडक्या वाड्यातल्या माळवदाच्या तुळया, वखारीतले ओंडके. बाजारात सर्रास मिळतं ते ५८ सीसीचं, वीस-बावीस इंची पट्टीचं मशीन. पट्टी म्हणजे जिच्या कडेनं साखळी फिरते ते पातं. ते विकताना दुकानदार इंजिनाची ताकद सांगतो, साखळीबद्दल बोलत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही.

या साखळीचा जन्म लाकडासाठी झालेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी एक बारीक दातेरी साखळी वापरली. दोन टोकांना दोन मुठी, आणि ती हातानंच पुढं-मागं ओढायची. अडलेल्या बाळंतपणात जघनाच्या सांध्याजवळ वाट करायला ती वापरली जाई. भूल द्यायची सोय नसतानाच्या काळातली ही गोष्ट आहे, एवढं सांगून पुढं जातो. लाकडासाठीची यंत्रं आली ती विसाव्या शतकात. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळीकरवत केली, आणि पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणारी. लेर्प यांनी आपलं यंत्र थुरिंगिया प्रांतातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिलं आणि त्याच डोंगराचं नाव पुढं कंपनीला लागलं. ही यंत्रं उचलायला दोन-दोन माणसं लागत.

पण त्यांचे दात साध्या करवतीसारखेच होते. ते लाकूड खरवडत आणि भुशानं तुंबत. १९४६ च्या सुमाराला अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जळण फोडत होता. त्याला एका बुंध्यात बोटाएवढी अळी दिसली. ती लाकूड सरळ, आडवं, कसंही आरामात पोखरत होती. कॉक्सनं नीट पाहिलं. अळीचे जबडे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वाकलेले होते, एक डावीकडं कापणारा आणि एक उजवीकडं. त्यानं तसेच दात साखळीवर बसवले, एक डावा, एक उजवा. १९४७ मध्ये त्यानं त्या साखळ्या विकायला सुरुवात केली. आज केजमध्ये विकली जाणारी कुठलीही साखळी उचलून पाहा, त्या अळीचा जबडा तिच्यावर दिसेल. बाभळीचं खोड पोखरणाऱ्या किडीला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिव्याच दिल्या. तिच्या तोंडात कुणी पाहिलं नाही.

आता तो दात जवळून पाहू. करवतीशी त्याची तुलना करू नका, सुताराच्या रंध्याशी करा. रंध्याचं पातं तळाखाली जेवढं डोकावतं तेवढ्याच जाडीचं सालपं निघतं. चेनसॉच्या प्रत्येक दाताला दोन भाग असतात. मागं वाकडी धारदार कड, आणि पुढं एक उंचवटा. हा उंचवटा म्हणजे रंध्याचा तळ. तो धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो, म्हणजे दोन-तीन पोस्टकार्डांच्या जाडीएवढा. दात लाकडात किती खोल शिरायचा ते हा उंचवटा ठरवतो. म्हणजे चेनसॉ म्हणजे एका साखळीत ओवलेले, सेकंदाला सुमारे वीस मीटर वेगानं पळणारे चाळीसेक लहान रंधे. एकदा हे लक्षात आलं की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात.

मशीन काय बाहेर टाकतंय ते पाहा. टपोऱ्या चौकोनी ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर दात कापत नाहीत, घासतायत. धूर येत असेल आणि लाकडाचा काप काळा पडत असेल तरीही तेच. पट्टी एका बाजूला ओढली जाऊन काप चंद्रकोरीसारखा वळत असेल तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लहान झालेत किंवा बोथट आहेत. कधी तेही ठीक असतं, पण पट्टीच्या खोबणीची एक कड झिजून खाली गेलेली असते. आणि नवी साखळी टाकूनही अजिबात कापत नसेल, तर हसू नका, आधी ती उलटी बसलीय का ते बघा. अनुभवी हातांकडूनही हे होतं. वरच्या बाजूला दातांची धार पट्टीच्या टोकाकडं पाहत असली पाहिजे.

धार लावायला गोल कानस लागते आणि ती साखळीच्या मापाचीच लागते. ५८ सीसीच्या मशीनवर बहुधा ०.३२५ इंच पिचची साखळी असते. तिला ४.८ मिलिमीटरची कानस. लहान मशीनच्या बारक्या साखळीला ४ मिलिमीटरची. माप कळत नसेल तर सलग तीन रिबिटांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा आणि त्याला दोननं भागा. उत्तर सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास आलं तर ०.३२५, साडेनवाच्या आसपास आलं तर तीन अष्टमांश. साखळी घ्यायला जाताना हे पिच, पट्टीच्या खोबणीची रुंदी आणि साखळीच्या पोटातल्या, खोबणीत फिरणाऱ्या कड्यांची संख्या ही तिन्ही मापं लिहून न्या. "बावीस इंची द्या" एवढ्यावर दिलेली साखळी दहात चार वेळा परत करावी लागते. हा माझा अंदाज आहे, हिशेब नव्हे, पण चुकीचा नसावा.

पट्टी एखाद्या ओंडक्याच्या खाचेत घट्ट रोवा आणि साखळी थोडी ताणून घ्या. सर्वांत लहान झालेला दात शोधून त्याच्यापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळ्यांना त्याच्याइतकं व्हायचं आहे. कानस आडवी, पट्टीला काटकोनात असलेल्या रेषेपासून साधारण तीस अंश तिरकी. बऱ्याच दातांच्या माथ्यावर ही रेष कोरलेलीच असते. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे. आतून बाहेर ढकलायचं आणि परत येताना उचलायचं. मागं-पुढं घासणारे लोक कानस आणि दात दोन्ही मारतात. तीन ढकल्यांत धार येत असेल तर प्रत्येक दाताला तीनच. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. दाताच्या माथ्यावर क्रोमचा पातळ कडक थर असतो. साखळी दगडाला किंवा खिळ्याला लागली की धारेजवळचा तो थर उडतो. मग चमकणारी जखम पूर्ण जाईपर्यंत दात मागं न्यावाच लागतो, दोन-तीन हातांवर भागत नाही. माळवदाच्या जुन्या तुळया कापणाऱ्यांना हे ठाऊक आहे. त्या लाकडात पन्नास वर्षांचे खिळे लपलेले असतात. अशी तुळई कापायच्या आधी पटाशीनं वरची माती खरवडून काढणं आणि ज्या रेषेवर कापायचं तिथं चुंबक फिरवून पाहणं शहाणपणाचं. वेडी बाभूळही तशीच. लाकूड कठीण, आणि नदीकाठच्या सालीत वाळू भरलेली. दोन झाडं झाली की दात गेला समजा.

धार लावत गेलं की दात मागं सरकतो आणि त्याची उंचीही उतरते, पण पुढचा उंचवटा होता तिथंच राहतो. म्हणजे रंध्याचा तळ वर आला. आता धार कितीही छान असली तरी ती लाकडापर्यंत पोचतच नाही. तीन-चार वेळा धार लावल्यावर चपट्या कानशीनं तो उंचवटा किंचित घासावा लागतो. त्यासाठी मापाची लोखंडी पट्टी मिळते, ती घ्या. नुसत्या अंदाजावर जास्त घासला तर दात लाकडात खोल घुसतो, मशीन हिसके देतं आणि हातातून उसळी मारायला लागतं. सुताराला हे सांगावं लागत नाही. पातं जास्त बाहेर काढलेला रंधा काय करतो हे त्याच्या हाताला माहीत असतं.

पट्टीकडं फारसं कुणी पाहत नाही. खोबणीत भुसा आणि तेल मिळून काळी पेंड होते, ती सायकलच्या आऱ्यानं किंवा पातळ पत्र्यानं खरवडून काढायची. तेल येण्याचं बारीक भोक तिथंच असतं आणि तेच तुंबतं. दरवेळी साखळी काढली की पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. ताण बघायला साखळी पट्टीला खालून चिकटलेली असावी पण हातानं ओढल्यावर सरकावी. हे मशीन थंड असतानाच करायचं. गरम साखळी लांबलेली असते. तशी ताणली तर थंड झाल्यावर ती आखडते आणि पट्टीचं टोक किंवा बेअरिंग खाते. तेल पोचतंय का ते कळायला पट्टीचं टोक एखाद्या पांढऱ्या कागदापासून वीतभर लांब धरा आणि रेस द्या. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. आपल्याकडं इथं मोटारसायकलचं जळकं ऑइल ओतायची सवय आहे. त्यात लोखंडाचा किस असतो आणि ते अंगावर उडत राहतं. फुकट मिळतं हे खरं, पण पट्टी फुकट मिळत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडं गेला की पातळ तेल साखळीवर टिकत नाही, तेव्हा थोडं दाट घ्यावं.

आता इंजिन. ज्यांनी लूना चालवली, ढकलली आणि रस्त्याकडेला बसून तिचा प्लग घासला, त्यांना हे इंजिन ओळखीचं वाटेल. लूना १९७२ मध्ये आली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं तिनं मराठवाड्यातल्या मास्तरांना, ग्रामसेवकांना आणि दूधवाल्यांना वाहिलं. तीही टू-स्ट्रोक, हेही टू-स्ट्रोक. तळाशी ऑइलची वेगळी टाकी नाही, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. पन्नासास एक म्हटलं तर लिटरमागं २० मिलिलिटर, पंचवीसास एक म्हटलं तर ४०. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत आणि ऑइलच्या बाटलीवर जे लिहिलंय ते पाळा. झाकणानं, डोळ्यानं मोजू नका, जनावरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज यासाठी सुरेख चालते. ऑइल कमी पडलं की पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना ओरबाडतात आणि मशीन खरोखर बाद होतं. जास्त झालं तर धूर, काळा प्लग आणि सायलेन्सरच्या जाळीत साचलेली काजळी.

केजमध्ये ज्या मेकॅनिकांनी तरुणपणी लूना आणि राजदूत खोलल्या, त्यांचा हात चेनसॉवर चांगला बसतो, हे मी पाहिलंय. नव्या पोरांनी टू-स्ट्रोक बघितलेलंच नाही. पण लूनावाला मेकॅनिक एका जागी हमखास चकतो. तो कार्बोरेटर उघडतो आणि त्यात फ्लोट शोधतो. चेनसॉमध्ये फ्लोट नसतो. लूना सरळ उभी राहते, चेनसॉ आडवं, उलटं, कसंही धरलं जातं, तेव्हा तरंगणारा फ्लोट काय कामाचा? त्याऐवजी तिथं पातळ पडदे असतात. इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या ठोक्यांवर हे पडदे धडधडतात आणि पेट्रोल ओढून घेतात. पडदा ताठ झाला, फाटला किंवा चिकटला की मशीन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन रेस दिली की मरतं.

आणि पडदा का ताठ होतो, याची एक गंमत आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, हा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. त्या इथेनॉलचा काही भाग उसाच्या रसातून आणि मळीतून येतो. म्हणजे केजच्या कोयत्यानं सांगली-कोल्हापूरकडं तोडलेला ऊस गाळपातून, आसवनीतून फिरत फिरत केजच्या पंपावर परत येतो आणि केजच्याच चेनसॉच्या टाकीत पडतो. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात दोन-तीन महिने टाकीत पेट्रोल तसंच राहिलं की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होतात. जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या रबराला ते सोसत नाही. उपाय एकच आणि साधा आहे. मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा, मग ते चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्यापूर्वीचं वापरू नका.

सुरूच होत नसेल तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा निखळवू नका. आधी स्विच चालूकडं आहे ना? हसण्यासारखी आणखी एक गोष्ट. मग प्लग काढा. ओला, पेट्रोलनं चिंब असेल तर इंजिन पेट्रोल पिऊन बसलंय. स्विच बंद करा, प्लग काढलेलाच ठेवून, चोक न लावता दहा-बारा वेळा दोरी ओढा, प्लग पुसून बसवा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीत नळीच्या टोकाला लोंबणारी छोटी गाळणी तारेच्या आकड्यानं बाहेर ओढून बघा. प्लगची फट अर्धा मिलिमीटर, आणि काजळी ब्रशनं काढा. एक दोष मोठा फसवा आहे. मशीन पाच मिनिटं सुरेख चालतं आणि मरतं, थोड्या वेळानं पुन्हा चालतं. मरतं तेव्हा टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' आवाज आला आणि मग ते चालू लागलं, तर टाकीला हवा मिळायचं भोक तुंबलंय. सलाईनची बाटली लावताना हवेची सुई का टोचतात ते ज्यानं बघितलंय त्याला हे लगेच कळेल. रेस सोडल्यावरही साखळी फिरत राहत असेल तर स्लो वाढलेला आहे, किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय मशीन हातात घेऊ नका. जोर कमी पडत असेल तर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवण्याआधी हवेचा फिल्टर धुवा. दहातली आठ कामं फिल्टरवरच मिटतात, आणि स्क्रूला नुसता चुकीचा हात लागून दहातली दोन बिघडतात.

सुरक्षेबद्दल लांबण लावत नाही, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला तर मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत वर आणि मागं, थेट मानेकडं उसळतं. म्हणून टोकानं कापायचं नाही, डावा अंगठा मुठीखालून वळवलेला हवा, पुढचा ब्रेक चालू स्थितीत हवा, आणि गळ्यात गमछा, कमरेला लुंगी नको. आणि झाडाला हात लावण्याआधी कागद बघा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, साग अशी झाडं आहेत, ती आपल्याच बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

यंत्र बाजूला ठेवू. प्रत्येक घराच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या वळचणीला एक कुऱ्हाड असते. गंजलेली, दांडा मोडका, आणि आजोबांची. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. लोहार-सुतारांच्या अंगानं पाहिलं तर तिच्यात एक साधी गोष्ट आहे. लोखंड एकटं काही करू शकत नाही, त्याला लाकूड जोडावं लागतं आणि तो जोड हाच हत्याराचा सगळ्यांत कच्चा भाग. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात संगमनेरजवळच्या जोर्वे इथं तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. त्या तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि त्यांना नेढं नाही. त्या लाकडाला बांधून किंवा लाकडात खोवून वापरत असणार. दांडा आत घालण्यासाठी धातूलाच भोक ठेवायचं ही युक्ती वरवर साधी दिसते, पण तिच्यामुळंच आज आपण दांडा आणि पाचर बसवतो.

जुनी कुऱ्हाड हातात आली की पहिला मोह चुलीत टाकायचा. अडकलेलं लाकूड जळून जातं आणि नेढं मोकळं होतं. मीही एकदा हे केलंय आणि नंतर त्या कुऱ्हाडीवर कानस लोण्यासारखी चालली. पात्याला लोहारानं दिलेलं पाणी त्या आगीत उतरलं होतं. पोलादाला पाणी देताना लोहार धार लालभडक तापवतो, इतकी की तिला चुंबक चिकटेनासा होतो. ती विझवतो, मग हळूहळू पुन्हा तापवत रंग पाहतो. गवताच्या काडीचा पिवळा रंग आला की साधारण सव्वादोनशे अंश, निळा आला की तीनशे. धारेला पिवळा ते तपकिरी रंग हवा, निळ्याला पोचली की ती मऊ पडते. चूल त्याच्या कितीतरी पलीकडं जाते. ग्राइंडरही जातो, फक्त तिथं ते एका क्षणात होतं आणि आपल्याला निळा डाग दिसतो. म्हणून दांडा काढताना तो डोक्याखाली कापा, आतल्या लाकडाला गिरमिटानं तीन-चार भोकं पाडा आणि जाड खिळ्यानं ठोकून बाहेर काढा.

मग तडा आहे का ते बघायचं. कुऱ्हाड दोरीला टांगून हातोडीनं हलकं वाजवा. घंटेसारखा आवाज निघाला तर बरं, भदभद वाजली तर शंका. खात्री करायला रॉकेल चोळा, पुसून टाका, आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ ओढेल. नेढ्याला तडा असलेली कुऱ्हाड भिंतीवर टांगावी, वापरू नये. बऱ्याच कुऱ्हाडींची पाठ घणासारखी वापरून चपटी होऊन छत्रीसारखी पसरलेली असते. त्या कडा घासून काढा. पाचर ठोकताना त्यांचे तुकडे उडून डोळ्यात जातात.

गंज काढायला लिंबूसत्त्व पुरतं. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम घ्या आणि रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच उन्हात वाळवून तेल लावा. फार चमकवू नका. गालावरचा काळपट थर गंजापासून राखण करतो, आणि त्याखाली बहुधा लोहाराचा छाप असतो. त्या छापासाठी मी कित्येक कुऱ्हाडी विनाकारण घासल्यात.

पातं पडलेलं असेल, धारेला दाते गेले असतील, तर घरच्या कानशीचं ते काम नाही. कुऱ्हाड शेवटून, म्हणजे लोहाराकडं तापवून-ठोकून नवी धार काढून, आणावी लागते. धारूर-केज रस्त्याच्या कडेला अजून कधी पालं पडतात. घिसाड्यांचा भाता चालतो, बाई घण मारते, आणि तिच्या प्रत्येक घावाआधी माणूस सांडशीतलं लोखंड नेमकं फिरवतो. दोघं एकमेकांकडं बघत नाहीत. "मामा, पाणी कडक द्या" म्हणून कुणी सांगितलं तर मामा ऐकून घेतात आणि त्यांना योग्य वाटेल तेवढंच देतात, ते बरोबरच आहे. फार कडक दिलेली धार बाभळीच्या गाठीवर तुकड्यानं उडते. नवी कुऱ्हाड करायला ते बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात. ते चांगलं पोलाद असतं, त्याला कमी लेखू नका.

दांड्यासाठी आपल्याकडं बाभूळ. बालाघाटात धावडा मिळाला तर नशीब, त्याच्यासारखा लवचीक आणि चिवट दुसरा नाही, त्यापासून गाड्यांचे आस करत. फांदी तोडून सरळ घातलेला दांडा टिकत नाही, कारण मधोमध गाभा असतो आणि वाळताना तिथूनच चिरतो. जाड ओंडका फोडून काढलेली फाळ घ्या, चिरलेली नको. फोडल्यावर लाकूड स्वतःच्या रेषेनं फुटतं, करवत मात्र रेषा तोडत जाते. जुने सुतार बाभूळ काही महिने पाण्यात मुरवत, म्हणजे तिला भुंगा लागत नसे, आणि मग सावलीत वाळवत. दांड्याच्या बुडाशी दिसणाऱ्या वाढीच्या रेषा पात्याच्या दिशेनं धावल्या पाहिजेत, आडव्या नकोत. लांबी ठरवायला कुऱ्हाडीचं डोकं तळहातात धरून हात लांब करा. दांड्याचं बूड काखेत आलं की पुरे.

दांडा नेढ्यात खालून बसवायचा आणि वरून पाचर मारायची. पाचर दांड्यापेक्षा थोड्या मऊ, पण कोरड्या लाकडाची. रात्रभर कुऱ्हाड हौदात टाकून सकाळी कामाला न्यायची सवय सगळीकडं आहे. त्यानं दांडा घट्ट होतो, हे खरं. फुगलेलं लाकूड लोखंडात कोंडतं आणि त्याच्या पेशी चेपतात. वाळलं की ते आधीपेक्षा बारीक होतं. म्हणून पुढच्या वेळी जास्त वेळ भिजवावी लागते. पाण्याऐवजी तेल द्या. जवसाचं उत्तम, पण करडईचंही हवेत वाळणारं तेल आहे आणि मराठवाड्यात करडई घरात असतेच. बुडाला आणि वरच्या उघड्या तोंडाला दोन-तीन हात जास्त द्या. लाकूड पाणी पितं आणि सोडतं ते तिथूनच. दांड्याला चकचकीत वार्निश असेल तर काचेच्या तुकड्यानं खरवडून टाका, हाताला फोड त्यानंच येतात.

धार शेवटी. कानस धारेच्या दिशेनं ढकलायची, कातडी मोजे घालून. मग निसण्यावर पाणी टाकून गोल गोल. दोन्ही बाजू मिळून पंचवीस-तीस अंश, आणि बाभळीवर चालवायची असेल तर पात्याचं पोट थोडं भरलेलं ठेवा. वस्तऱ्यासारखी पातळ केलेली कुऱ्हाड पहिल्याच गाठीत अडकते.

दांडा बसवून झाल्यावर डोक्याच्या अगदी खाली, लोखंडाला टेकून, पेन्सिलीनं दांड्याभोवती एक रेघ मारा. पहिले आठ दिवस निंब किंवा शेवग्यासारख्या मऊ लाकडावरच चालवा आणि दर संध्याकाळी ती रेघ बघा. लोखंड आणि रेघ यांच्यात फट दिसली, तर डोकं वर सरकलंय. दांड्याचं बूड जमिनीवर आपटून ते खाली बसवा, पाचर आणखी ठोका आणि नवी रेघ मारा.